लीला राव : विम्बल्डनवर एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला



थोरामोठ्यांची चरित्रं आपण वर्गात सांगतो. त्यात संत असतात, समाजसुधारक असतात, स्वातंत्र्यसैनिक असतात. खेळाडू मात्र क्वचितच येतो, आणि आला तरी बहुतेक क्रिकेटचाच. त्यात खेळाडू बाई असेल तर विचारूच नका. म्हणून आजचा पाठ एका टेनिसपटूवर आहे. नाव लीला राव, लग्नानंतर लीला राव-दयाल. पाचवी ते दहावी कुठल्याही वर्गाला सांगता येईल असं हे चरित्र आहे. पण आधी तुम्ही स्वतः शांतपणे वाचा, कारण यात मुलीइतकीच तिची आईही महत्त्वाची आहे, आणि घरी बसून वाचणाऱ्या पालकांसाठी खरा भाग तोच आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करा. टेनिस खेळणारी भारतीय महिला कोण, असं विचारलं की वर्गातून एकच नाव येईल, सानिया मिर्झा. बरोबर आहे. २००५ साली सानियाने विम्बल्डनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत जपानच्या अकिको मोरिगामीला हरवलं आणि देशभर आनंद झाला. आता मुलांना विचारा, त्याच्या आधी कोणी? वर्ग गप्प बसेल. उत्तर त्याच्या ७१ वर्षं आधीचं आहे. १९३४ साल. देश पारतंत्र्यात, आणि मुंबईची एक बावीस वर्षांची मराठी मुलगी लंडनच्या त्याच गवतावर सामना जिंकून आलेली.

आधी आजोबा, मग आई

लीलाबाईंचा जन्म १९ डिसेंबर १९११ चा. पण त्यांची गोष्ट त्यांच्या जन्मापासून सुरू केली तर अर्धीच कळते. दोन पिढ्या मागे जाऊ.

आजोबा म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. एकोणिसाव्या शतकातले संस्कृतचे मोठे अभ्यासक. अथर्ववेदाची संपादित आवृत्ती, कालिदासाच्या ग्रंथांच्या आवृत्त्या अशी त्यांची कामं. आपल्या वारकरी मंडळींना जवळची वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे तुकाराममहाराजांच्या गाथेची जी छापील आवृत्ती १८६९ नंतर सरकारी मदतीने निघाली, तिच्या संपादनात त्यांचा वाटा होता. पोरबंदर संस्थानाचा कारभारही त्यांनी काही काळ पाहिला. १८९४ मध्ये ते वारले.

तेव्हा त्यांची मुलगी क्षमा चार वर्षांचीही नव्हती. तिचा जन्म ४ जुलै १८९० चा, पुण्यातला. वडिलांचं छत्र असं लवकर गेलं, आणि ती नातेवाइकांच्या आधाराने वाढली. संस्कृतची गोडी मात्र टिकली. शाळेत संस्कृतमध्ये चमकली, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गेली, आणि मग त्या काळात व्हायचं तेच झालं. लग्न झालं, कॉलेज सुटलं.

नवरा डॉ. राघवेंद्र राव, मुंबईतले नावाजलेले डॉक्टर आणि जंतुशास्त्रातले संशोधक. घर सुखवस्तू. इथे बहुतेक बायकांची गोष्ट संपते. क्षमाबाईंची संपली नाही. त्यांनी दोन गोष्टी हातात घेतल्या, एक संस्कृत आणि दुसरी टेनिसची रॅकेट.

तुम्हाला वाटेल, हौस म्हणून संध्याकाळी क्लबात चार चेंडू मारत असतील. तसं नव्हतं बरं का. १९२७ साली मुंबई इलाख्याच्या हार्ड कोर्ट टेनिस स्पर्धेत क्षमाबाईंनी महिला एकेरीचं विजेतेपद मिळवलं. हिशेब करा. वय छत्तीस-सदतीस, घरात पंधरा वर्षांची मुलगी. आज आपल्याकडे छत्तिसाव्या वर्षी किती आया मैदानावर उतरतात? स्नेहसंमेलनात पालकांसाठी संगीतखुर्ची ठेवली तरी त्या पदर सावरत एकमेकींना पुढे ढकलतात. हसण्यावारी नेऊ नका, यावर पुढे बोलायचंच आहे.

संस्कृतचं म्हणाल तर त्याच क्षमाबाई पुढे पंडिता क्षमा राव म्हणून देशभर ओळखल्या गेल्या. गांधीजींच्या चळवळीवर त्यांनी 'सत्याग्रहगीता' नावाचं काव्य लिहिलं. भगवद्गीतेसारखेच अठरा अध्याय, साधा अनुष्टुभ छंद, आणि विषय सविनय कायदेभंगाचा! इंग्रज सरकारच्या नजरेखाली ते इथे छापणं अवघड, म्हणून १९३२ साली ते पॅरिसमध्ये छापून निघालं. तेव्हा त्यांचं वय बेचाळिशीच्या आसपास. पुढे मीराबाई, तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांच्यावर त्यांनी संस्कृत काव्यं रचली. लहानपणी गमावलेल्या वडिलांचं चरित्रही त्यांनी श्लोकांत लिहिलं. गाथेचं संपादन करणाऱ्याची मुलगी तुकोबांचं चरित्र संस्कृतात लिहिते, हा धागा मराठीच्या तासाला जरूर दाखवा.

लीलेचं शिक्षण

अशा घरात लीला वाढली. संस्कृत आईकडून आलं, टेनिसही आईकडूनच. आजच्या शब्दात सांगायचं तर तिची पहिली कोच तिची आईच. मुलीला खेळायला सोडावं का, उन्हात काळी पडेल का, लोक काय म्हणतील, हे प्रश्न त्या घरात आधीच निकाली निघाले होते, कारण आई स्वतःच कोर्टवर होती.

इथे एक गोष्ट वर्गात लपवू नये असं मला वाटतं. राव कुटुंबाकडे पैसा होता, मुंबईसारखं शहर होतं, क्लब आणि जिमखाने होते, परदेशी जायची सोय होती. टेनिस हा तेव्हाही स्वस्त खेळ नव्हता. रॅकेट लाकडी, त्यावर जनावरांच्या आतड्याची तार, चेंडू विलायतेहून येणारे. तिरोड्याच्या शाळेतल्या मुलीला हे सगळं चंद्रावरचं वाटेल. मुलं हुशार असतात, तीच विचारतील, सर, तिच्याकडे पैसे होते ना? हो, होते. तसं सांगून टाका. पण हेही सांगा की त्या काळी मुंबईत पैसेवाली घरं शेकड्यांनी होती आणि त्या घरांमधल्या मुली पडद्यामागे किंवा स्वयंपाकघरातच होत्या. पैशाने रॅकेट येते. मुलीच्या हातात ती द्यायची की नाही, हे पैसा ठरवत नाही.

१९३१ साल उजाडलं. लीला एकोणीस वर्षांची. त्या वर्षी तिने अखिल भारतीय टेनिस स्पर्धेत महिला एकेरीचं विजेतेपद पहिल्यांदा जिंकलं. म्हणजे देशातली पहिल्या क्रमांकाची महिला खेळाडू म्हणा ना. त्याच वर्षी पश्चिम भारताच्या स्पर्धेतही ती विजयी झाली. पुढची दोन वर्षं, १९३२ आणि १९३३, ती पुन्हा राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली आणि दोन्ही वेळा हरली. हे साल वगळून सरळ विम्बल्डनवर उडी मारू नका. एकदा जिंकल्यावर लागोपाठ दोन वर्षं शेवटच्या पायरीवर हरणं काय असतं, ते तालुका पातळीवर कबड्डीचा अंतिम सामना हरलेल्या आपल्या पोरींना चांगलं कळतं.

१९३४, विम्बल्डन

आता मुख्य प्रसंग. विम्बल्डन हे लंडनचं एक उपनगर. तिथल्या क्लबने १८७७ साली टेनिसची स्पर्धा सुरू केली, ती पुरुषांची. महिला एकेरी सुरू झाली १८८४ मध्ये. कोर्ट गवताचं, चेंडू पांढरे (पिवळे चेंडू तिथे १९८६ मध्ये आले). आपल्याकडे मातीच्या किंवा कडक कोर्टवर खेळणाऱ्याला गवतावर चेंडू खाली राहतो, घसरतो, सगळा अंदाज बदलतो. रोवणीच्या चिखलात पळणं आणि डांबरी रस्त्यावर पळणं यात जेवढा फरक, तेवढा समजा.

पहिल्या फेरीत लीलासमोर होती इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. निकाल फळ्यावर असा लिहा :

४–६, १०–८, ६–२

आणि इथे थांबा. टेनिसच्या गुणांची पद्धत मुलांना माहीत नसते, ती थोडक्यात सांगा. एक गेम जिंकायला गुण १५, ३०, ४० असे मोजतात. असे सहा गेम आधी जिंकेल त्याचा सेट, पण दोन गेमचं अंतर हवं. महिलांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकणारी विजयी. आज ६–६ अशी बरोबरी झाली की टायब्रेक खेळून सेट संपवतात. विम्बल्डनमध्ये टायब्रेक आला १९७१ साली. त्याआधी दोन गेमचं अंतर पडेपर्यंत खेळत राहायचं, संपतच नसे.

आता मुलांना त्या तीन आकड्यांवरून सामना वाचायला लावा. पहिला सेट लीला ४–६ ने हरली. म्हणजे दुसरा सेट हरली असती तर खेळ खलास, सामान बांधून परत. आणि दुसरा सेट १०–८ वर संपला. याचा अर्थ काय? मुलं जरा विचार करून सांगतील. ५–५ झालं, ६–६ झालं, ७–७ झालं, ८–८ सुद्धा झालं. प्रत्येक वेळी एक जण पुढे गेलं की दुसरं गाठायचं. चार वेळा बरोबरी, आणि यातल्या कुठल्याही टप्प्यावर समोरची दोन गेम पुढे गेली असती तर १९३४ च्या या दिवसाबद्दल आज कोणी लिहिलं नसतं. पण दोन गेमचं अंतर घेतलं ते लीलाने. मग तिसरा सेट ६–२. साउथवेल दमली की खचली ते आकडे सांगत नाहीत, पण दुसऱ्या सेटनंतर सामना कुणीकडे झुकला ते स्पष्ट दिसतं.

गणिताच्या सरांसाठीही यात काम आहे. एकूण गेम किती झाले? १० अधिक १८ अधिक ८, म्हणजे ३६. लीलाचे २०, साउथवेलचे १६. पाचवीची मुलंसुद्धा ही बेरीज करतील, आणि बेरीज करता करता सामना त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहील. मला विचाराल तर चरित्र शिकवायची ही फार चांगली रीत आहे. विशेषणं कमी, आकडे जास्त. महान, थोर, अद्वितीय असे शब्द फळ्यावर लिहिले की मुलं वहीत उतरवतात आणि विसरतात. १०–८ विसरत नाहीत.

दुसऱ्या फेरीत तिची गाठ फ्रान्सच्या इडा अॅडमॉफशी पडली आणि तिथे ती हरली, तीही तीन सेटपर्यंत लढून. योगायोग असा की २००५ मध्ये सानियाही पहिली फेरी जिंकून दुसऱ्याच फेरीत हरली होती. त्या १९३४ च्या विम्बल्डनचं महिला विजेतेपद इंग्लंडच्या डोरोथी राउंडने मिळवलं आणि पुरुषांचं फ्रेड पेरीने. पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, लीला पुन्हा विम्बल्डनला खेळली. तेव्हा पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमनकडून हार झाली.

म्हणजे विम्बल्डनच्या एकेरीत एक जिंकला, दोन हरले. एवढंच? असं एखादा पोरगा नक्की म्हणेल. म्हणू द्या. मग त्याला पुढची वर्षं सांगा.

परत आल्यावर

विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत हरून आल्यावर पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, लीलाने राष्ट्रीय विजेतेपद परत मिळवलं. मग १९३७. मग १९३८. सलग तीन. त्यानंतर १९४० आणि १९४१. १९४२ मध्ये अंतिम सामना हरली, १९४३ मध्ये पुन्हा जिंकली. १९३१ ते १९४३ या काळात ती दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचली आणि सात वेळा जिंकली. पहिलं विजेतेपद एकोणिसाव्या वर्षी, शेवटचं एकतिसाव्या वर्षी. त्याच वर्षी, १९४३ मध्ये, तिचं लग्न झालं. त्या काळात मुलीचं लग्न बाराव्या-चौदाव्या वर्षी उरकणारी घरं गावोगाव होती, हे लक्षात घ्या आणि मग हा एकतीसचा आकडा पुन्हा वाचा.

या सगळ्यातून पैसे किती मिळाले असतील? मुलं हे हमखास विचारतात, कारण त्यांना आयपीएलचे लिलाव माहीत आहेत. उत्तर : बक्षिसाची रक्कम शून्य. तेव्हा विम्बल्डनसारख्या मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. पैसे घेऊन खेळणाऱ्याला तिथे प्रवेशच नसे. फ्रान्सची सुझान लेंग्लेन ही त्या काळची सगळ्यात गाजलेली महिला खेळाडू, सहा वेळा विम्बल्डनची विजेती. तिने १९२६ मध्ये पैसे घेऊन अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळायचं ठरवलं आणि विम्बल्डनचं दार तिला बंद झालं. १९६८ मध्ये ही अट गेली आणि व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्या. यालाच खुलं युग म्हणतात. त्या वर्षी विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला २००० पौंड आणि महिला विजेतीला ७५० पौंड. काम तेच, ट्रॉफी तीच, मजुरी निम्म्याहून कमी. आपल्याकडे धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायकांना हे गणित समजावून सांगायची गरज नाही!

मग बिली जीन किंग आणि तिच्यासोबतच्या आठ जणी अशा नऊ खेळाडूंनी १९७० मध्ये एक-एक डॉलरचा नाममात्र करार करून महिलांची वेगळी स्पर्धा खेळायचं ठरवलं. १९७३ मध्ये महिला टेनिस संघटना, म्हणजे डब्ल्यूटीए, स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये स्त्री-पुरुषांना समान बक्षीस मिळालं. विम्बल्डनला तेवढ्यासाठी २००७ साल उजाडावं लागलं. आज डब्ल्यूटीएची एक स्पर्धा आपल्या मुंबईतही होते, चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर. २०१७ मध्ये तिथे एकेरी जिंकणारी आर्यना सबालेंका पुढे जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू झाली. २०२५ मध्ये विजेती ठरली स्वित्झर्लंडची जिल टाइखमन, आणि त्याच स्पर्धेत तमिळनाडूची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन उपांत्य फेरीपर्यंत गेली. पंधरा वर्षं म्हणजे आपली नववी-दहावीची मुलगी.

'पहिली' कोण? थोडा घोळ निस्तरू

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत यावर फार गोंधळ आहे, म्हणून शिष्यवृत्ती आणि स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीने नीट लिहून ठेवा. विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला म्हणून नोंद आहे ती लीला राव यांची, १९३४. खुल्या युगात, म्हणजे १९६८ नंतर, कुठल्याही ग्रँड स्लॅम स्पर्धेत मुख्य फेरीतला एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला निरुपमा वैद्यनाथन, १९९८, ऑस्ट्रेलियन ओपन. खुल्या युगात विम्बल्डनचा एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला सानिया मिर्झा, २००५.

यात आणखी एक निरुपमा येते, ती वेगळी. निरुपमा मांकड, मुंबईच्या, १९७१ मध्ये आनंद अमृतराजबरोबर विम्बल्डनला मिश्र दुहेरी खेळल्या. क्रिकेटपटू अशोक मांकड यांच्या पत्नी. दोन्ही निरुपमांची सरमिसळ करू नका. आणि पंडिता क्षमा राव व लीला राव या मायलेकींचीही करू नका. विम्बल्डन लेकीचं, सत्याग्रहगीता आईची.

रॅकेट ठेवल्यावर

लीलाबाईंचे यजमान हरीश्वर दयाल हे आयसीएस अधिकारी. पुढे परराष्ट्र सेवेत त्यांनी हिमालयाच्या भागात महत्त्वाची कामं केली. १९४९ चा भारत-भूतान करार आणि १९५० चा भारत-सिक्कीम करार, दोन्हींवर भारताच्या वतीने त्यांची सही आहे. नंतर ते नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते आणि १९६४ मध्ये तिथेच, एव्हरेस्टजवळच्या खुंबू भागात दौऱ्यावर असताना त्यांचं निधन झालं. मुंबईच्या समुद्राकाठी वाढलेल्या लीलाबाईंच्या संसारात असा हिमालय आला.

पण त्या केवळ साहेबांच्या पत्नी म्हणून राहिल्या नाहीत. भरतनाट्याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४८ मध्ये 'नृत्तमंजरी' हे नृत्तावरचं पुस्तक लिहिलं. मला यात नवल वाटत नाही. ज्या पायांनी वीस वर्षं कोर्टवर पुढे-मागे, डावी-उजवीकडे अचूक पावलं टाकली, त्यांना नृत्यातलं पदन्यासाचं शास्त्र परकं वाटलं नसणार. खेळ वेगळा, कला वेगळी, अभ्यास वेगळा अशी खोकी आपण शाळेत करतो. कला-क्रीडा शेवटच्या तासाला टाकतो, आणि तो तासही परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकतो. या घरात तशी खोकी नव्हती.

क्षमाबाई २२ एप्रिल १९५४ रोजी वारल्या. त्यांनी संस्कृतात कथाही लिहिल्या होत्या, आणि त्यांत बालविधवांचं दुःख, गावाकडची माणसं, सत्याग्रहात उतरलेले शेतकरी असे विषय होते. संस्कृत म्हणजे फक्त देवादिकांच्या स्तुतीची भाषा, ही समजूत त्या कथा वाचल्या की गळून पडते. लीलाबाईंनी काय केलं, तर आईच्या या कथा आणि संतचरित्रं घेऊन त्यांवरून संस्कृतात नाटकं लिहिली. छोटी छोटी, रंगमंचावर करता येतील अशी. 'बालविधवा', 'होलिकोत्सव', 'गणेशचतुर्थी', 'तुकारामचरित', 'ज्ञानेश्वरचरित' ही त्यांतली काही. 'जयन्तु कुमाउनीयाः' हे नाटक कुमाऊँच्या पहाडी वीरांवरचं, म्हणजे आईच्या साहित्यात हिमालयाची भर लेकीची स्वतःची.

म्हणजे बघा. आईकडून रॅकेट घेतली ती विम्बल्डनपर्यंत नेली. आईकडून लेखणी घेतली तिची नाटकं केली. आपल्या झाडीपट्टीला नाटकाचं वेड किती ते वेगळं सांगायला नको, दिवाळीनंतर रात्र रात्र मंडप भरतात. संस्कृत किंवा मराठीच्या शिक्षकाने यातला एखादा प्रसंग सोप्या मराठीत करून मुलांकडून बसवून घेतला तर स्नेहसंमेलनात त्याच त्या रिमिक्स गाण्यांमधून जरा सुटका होईल.

पालकांशी दोन शब्द

मघाशी संगीतखुर्चीवर थांबलो होतो. आपल्याकडे सहावी-सातवीपर्यंत मुली मैदानावर दिसतात. खो-खोत मुलांना भारी पडतात. आठवी-नववीत हळूहळू कमी होतात. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. मोठी झाली, घरी काम पडतं, रोवणीच्या दिवसांत लहान भावंडांना बघायला कुणी नसतं, संध्याकाळी उशीर होतो, बस निघून जाते. यातली काही कारणं खरीच अडचणीची आहेत, मी त्यांना बहाणे म्हणणार नाही. बसची वेळ खेळाच्या तासाशी जुळत नसेल तर ते मुलीच्या आईच्या हातात नाही. ते आम्ही शाळेने आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत बसून सोडवायचं काम आहे.

पण काही कारणं फक्त नजरेची आहेत. आणि नजर घरात बदलते ती बहुतेक आईकडे बघून. क्षमाबाईंनी लीलाला खेळावर भाषण दिलं असेल की नाही, कोण जाणे. पण लीलाने पंधराव्या वर्षी आईला स्पर्धा जिंकताना पाहिलं. यंदा २९ ऑगस्टला क्रीडा दिन होईल, तेव्हा आयांसाठी धावण्याची किंवा लंगडीची खरी स्पर्धा ठेवून बघा. खरी म्हणजे फेऱ्या, निकाल, प्रमाणपत्र, सगळं. गंमत म्हणून ठेवाल तर गंमतच होईल.

मैदानावर कोर्ट आखायचं असेल तर

शेवटी उपयोगाचं. टेनिसचं एकेरीचं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असतं. शाळेच्या मैदानात फक्कीने आखता येतं, मात्र चारी बाजूंनी पळायला जागा सोडा. मध्ये जाळी, ती मधोमध ०.९१४ मीटर म्हणजे बरोबर तीन फूट उंच, आणि दोन्ही टोकांना १.०७ मीटर. जाळी नसेल तर दोरी बांधून तिच्यावर जुन्या साड्या टाका, चालतं. सर्व्हिस रेषा जाळीपासून ६.४० मीटरवर दोन्हीकडे. आखणी सातवी-आठवीच्या मुलांकडूनच करून घ्या. काटकोन बरोबर आला का ते तपासायला पायथागोरस वापरायला सांगा, तीन-चार-पाचची दोरी. रॅकेट नसल्या तरी प्लायवुडच्या फळ्या कापून आणि रबरी चेंडू घेऊन सुरुवात होते. पहिल्या दिवशी चेंडू शेजारच्या बांधीतच जास्त जातील, तेव्हा दोन मुलं तिकडे आधीच उभी करून ठेवा.